आभार मी आधी मानले

सन दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर. आधार कार्डावर एकोणसत्तर आहे, पण ते कार्ड काढणाऱ्या पोरीने माझ्या तोंडाकडे बघून ठरवलं. आईच्या हिशोबाने बहात्तर, आणि मी आईचंच धरतो.

शाळा दुसरीपर्यंत. पुढचं लिहिणं अंबरनाथच्या एमआयडीसीत, कंपनीच्या गेटवर आलं. आत येणाऱ्या ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, वेळ, वहीत उतरवायची. एकवीस वर्षं तेच केलं. त्यामुळे जे झालं ते ज्या क्रमाने झालं तसं मला लिहिता येतं. त्याच्यापेक्षा जास्त येत नाही. हे लिहितोय ते त्या वर्षीच्या मे महिन्याबद्दल. त्यात माझी चूक आहे. दुसरा कोणी लिहिण्याआधी मीच लिहितो.

आमची वाडी बारवी धरणाच्या वरच्या अंगाला. घरं ठाकरांची, काही कातकऱ्यांची. जंगलाच्या कडेने अशा चार वाड्या, आणि खाली डांबरी रस्त्याला मोठं गाव. पंचायत सगळ्यांची मिळून एक, ती मोठ्या गावात. धरणाचं पाणी शहरात चौदाव्या मजल्यावर चढतं, आमच्या वाडीत चढत नाही. सरपंचाची खुर्ची आदिवासीसाठी राखीव निघाली की मोठ्या गावातली माणसं आमच्यातला एखादा गरीब बघून बसवायची. तो सांगतील तिथे सही करायचा. आम्ही त्याला सहीचा सरपंच म्हणायचो, तोंडावर म्हणायचो, आणि तोही हसायचा.

चार वाड्यांची वेगळी पंचायत मागायची की नाही, हे ठरवायला त्या मे महिन्यात खास ग्रामसभा लागली. रविवारी. हात वर करून नाही, चिठ्ठी टाकून. चिठ्ठी आम्हीच मागून घेतली होती. ज्याच्या शेतावर लावणीला जायचं त्याच्या डोळ्यांसमोर हात वर कोण करील? चिठ्ठीवर दोन चित्रं. झाड म्हणजे वेगळी पंचायत हवी. घर म्हणजे आहे तीच राहू दे. असं मतदान आमच्याकडे आधी एकदाच झालं होतं, दारूच्या दुकानासाठी, उभी बाटली का आडवी बाटली. तेव्हा बायकांनी बाटली आडवी पाडली होती. म्हणून वाटत होतं, हेही जमेल.

हे सगळं उभं केलं माझ्या सुनेने. ती मला मामा म्हणते, आमच्यात सासऱ्याला तसंच म्हणतात. पाच वर्षं ती पंचायतीत मेंबर होती. मीटिंगला तिची खुर्ची दाराजवळ. ठरावाची वही फिरत फिरत शेवटी तिच्याकडे यायची आणि ती सही करायची. अशाच एका सहीत आमचा रस्ता गेला. वाडीपासून डांबरीपर्यंतचा रस्ता मंजूर होता, तो त्या वहीत मोठ्या गावाच्या स्मशानाकडे वळवला होता. तिने वाचलं नाही. वाचायला दिलंच नाही, असं ती म्हणते. मी म्हणतो, मागायचं.

त्याच पावसाळ्यात माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, खाचरात साप चावला. घोंगडीची झोळी करून चौघांनी खांद्यावर घेतला. चिखलातून दोन तास. डांबरीवर जीप येऊन उभी होती. जीपमध्ये ठेवला तेव्हा तो गेलेला होता.

त्या सहीबद्दल मी सुनेला एक शब्द बोललो नाही. सात वर्षं. लोक म्हणायचे, म्हातारा मोठ्या मनाचा. तसं काही नव्हतं. न बोलणं ही मी तिला दिलेली शिक्षा होती, आणि तिला ते कळत होतं.

तर तिने चार महिने चार वाड्या पिंजून काढल्या. तिच्याबरोबर दहा जणं. वाडीतल्या सहा बायका, त्यांत माझी धाकटी बहीण. ती शेजारच्या वाडीत दिलेली, आता विधवा. कातकऱ्यांची दारं परक्याला उघडत नाहीत, ती तिने उघडली. बदलापूरच्या तीन कॉलेजच्या पोरी, त्या मतदार यादीत नावं शोधून द्यायच्या. आणि अंबरनाथचा माझा दोस्त. तो कंपनीत स्टोअरला होता, बौद्ध, रिटायर झाल्यापासून लोकांचे अर्ज लिहून देतो. तो मला पाटील म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी चिडलो होतो. तो म्हणाला, "अरे, तुला दुसरं कोण म्हणणार आहे? मी तरी म्हणतो."

त्यानेच काढलं की आदल्या दिवशी, शनिवारी, चारी वाड्यांना आमच्या वाडीत बोलवू, आणि राबलेल्या माणसांचे आभार मानू.

आमच्या बोलीत आभार हा शब्दच नाही. कोणी तुझं घर शाकारायला आला तर तू त्याचं शाकारायला जायचं. मध्ये बोलायचं काय? हा शब्द मी कंपनीत ऐकला. पंधरा ऑगस्टला झेंडा झाला की एक साहेब माइकवर यायचे आणि सगळ्यांचे आभार मानायचे, मॅनेजरपासून वडेवाल्यापर्यंत. एकवीस वर्षांत गेटवाल्याचं नाव एकदाही आलं नाही. मी मागे उभा राहून दर वर्षी ऐकायचो. म्हणून दोस्ताने आभार म्हटल्याबरोबर मी बोललो, "माइकवर मी बोलणार. आणि नुसतं तोंडी नाय. शाल नि नारळ."

शाली आणायला उल्हासनगरला गेलो. कॅम्प दोनमध्ये एक सिंधी दुकानदार आहे, कंपनीत असल्यापासून ओळखीचा.

"आवो काका. शादी है क्या घर में?"

"सत्कार हाय. अकरा शाली काढ."

"अकरा? कोण कोण रिटायर झाला?"

"कोणी नाय. उद्या मतदान हाय. त्यात काम केलेली माणसं."

त्याने शाली मोजता मोजता हात थांबवला. "मतदान उद्या, सत्कार आज? काका, उलटा धंदा है तुम्हारा. आमच्याकडे माल पोचला की मग हार घालतात."

"तू शाल बांध."

दुपारी वाडीत परत आलो तर पंचायतीचा शिपाई कागद देऊन गेला होता. सभा अकराला नाही, नऊला. साडेनऊला दार बंद, नंतर आलेल्याची हजेरी नाही. कारण लिहिलं होतं, कडक ऊन.

मे महिना म्हणजे आमच्या बायकांची करवंदं, जांभळं, कैऱ्या. पहाटे चारला पाट्या डोक्यावर घेऊन उतरायचं, डांबरीवर टमटम धरायची, बदलापूर स्टेशनाबाहेर बसायचं, आणि साडेदहापर्यंत परत. अकराची सभा त्यांना गाठता आली असती. नऊची नाही. हे आम्हाला माहीत होतं तसं मोठ्या गावालाही माहीत होतं. तेव्हा शनिवारच्या सभेत सांगायचं एवढंच होतं की उद्या बाजार नको, नऊला या. बाकी काही नाही सांगितलं तरी चाललं असतं.

चारला माणसं जमू लागली. वडाखाली ताडपत्री अंथरली होती. बदलापूरहून एक साउंडवाला, एक स्पीकर आणि बॅटरी. दोस्ताने कागदावर क्रम लिहिला: आधी सुनेचं बोलणं, मग आभार.

मी म्हटलं, "आभार आधी."

"आभार शेवटी असतात, पाटील."

"का?"

"कारण आभार झाले की लोक उठतात. माहीत नाही तुला? एकवीस वर्षं तू गेट कधी उघडायचास?"

"ती कंपनीची माणसं. आमची माणसं उठत नाय."

सून हातात तो पंचायतीचा कागद घेऊन उभी होती. म्हणाली, "मामा, मला दोन मिनिटं बोलू द्या. दोनच. मग तुम्ही दिवस मावळेपर्यंत बोला."

"दिवस मावळल्यावर माझं कोण ऐकणार? दूरची माणसं अंधाराआधी निघतात. आता सगळी हायत. मी आधी बोलतो."

खरं असं की मला भरलेली ताडपत्री हवी होती. रिकाम्या ताडपत्रीसमोर आभार मी खूप ऐकले होते. दोस्ताने सुनेकडे बघितलं, सुनेने जमिनीकडे. वाडीत माझ्यापुढे कोणी बोलत नाही. ती सवय मीच लावली होती.

मी माइक धरला. काय बोललो ते सगळं आठवत नाही. झोळीबद्दल बोललो, मुलाचं नाव घेतलं. बायका रडल्या. मग एकेकाचं नाव मोठ्याने घेऊन म्हटलं, मी तुमचे आभार मानतो, आणि सुनेच्या हातून शाल-नारळ दिला. सुनेला मी स्वतः दिला. टाळ्या वाजल्या. पोरींनी फोटो काढले. मला छान वाटलं, हे लपवत नाही.

शेवटचं नाव बहिणीचं. ती पुढे आली. मी शाल तिच्या खांद्यावर टाकली. तिने ती काढली, घडी केली, नारळ वर ठेवला आणि माझ्या हातात परत दिली.

"ह्ये काय रं दादा?"

"सत्कार हाय तुझा."

"माझा? मी काय पाव्हणी? परक्याला नारळ देऊन वाटेला लावतात, तसं मला लावतूस व्हय?"

"अगं, पद्धत हाय."

"कुणाची पद्धत? तुझ्या कंपनीची आसंल."

पुढे बसलेल्या बायका हसल्या. मला राग आला. राग आला म्हणून मी माइकवर जरा जोरात बोललो, "सगळ्यांचे पुन्हा एकदा आभार."

आणि माणसं उठली.

आमच्या माणसांनी सभा बघितल्या त्या कोणत्या? आरोग्य शिबिर, वनखात्याची मीटिंग, शाळेतला झेंडा. सगळीकडे आभार म्हटलं की उठायचं, नाहीतर साहेब ओरडतो. साउंडवाल्यालाही तेवढंच कळत होतं. संध्याकाळी त्याची बदलापूरला हळदीची ऑर्डर होती. त्याने वायर ओढली आणि स्पीकर गाडीत टाकला. सून हातातला कागद हलवत ओरडत होती, "थांबा, वेळ बदलली हाय, बाजाराला जाऊ नका!" पण पोरं रडत होती, माणसं एकमेकांना हाका मारत होती, आणि तिचा आवाज मुळात बारीक. पुढच्या दहा-वीस जणांना ऐकू गेलं. धरणाच्या पलीकडच्या दोन वाड्या सगळ्यात मागे बसल्या होत्या. त्या सगळ्यात आधी उठल्या. त्यांना दोन तास चालायचं होतं.

टमटमवाला हॉर्न वाजवत होता. कॉलेजच्या पोरी शाली सांभाळत आत बसल्या. त्यांच्याकडे सगळ्यांचे फोन नंबर होते. एकीने जाता जाता विचारलं, "ताई, झालं ना सगळं? निघू ना?" सून काही बोलायच्या आत मी म्हणालो, "झालं, झालं, निघा." मला वाटलं सून सांगेल सगळ्यांना. काय वाटलं कोण जाणे. दोस्त मात्र थांबला. ताडपत्रीवर बसला आणि चष्मा पुसत राहिला.

सुनेने फोन लावून बघितले. आमच्याकडे रेंज टेकडीवर एका ठिकाणी लागते, पण पलीकडच्या वाड्यांत तर तेवढीही नाही. खाली आली तेव्हा तिच्या खांद्यावर शाल तशीच होती. माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, माझी एक सही चुकली. तुम्ही सात वर्षं बोलला नाय. आता तुमचं चुकलंय. मी बोलू का गप बसू?"

मी म्हटलं, "येतील. आपली माणसं हायत."

"बाजार सोडून? कुणी सांगितलंय त्यांना?"

बहीण चपला घालत होती. तिला म्हटलं, "तू तुझ्या वाडीत सांग."

"मला तर तू निरोप दिलास," ती म्हणाली. पण गेली, आणि घरोघर सांगितलं. तिची वाडी सकाळी पुरी आली. आमची आली. पलीकडच्या दोन राहिल्या. सून दोन बायका घेऊन बॅटरीच्या उजेडात तिकडे निघाली होती, पण वाटेत एकीचा पाय मुरगळला आणि त्यांना मागे यावं लागलं. मी गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतो हे खरं आहे, पण त्या संध्याकाळी मला तिच्या मागून चालायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत मी काठी घेऊन खाली उतरलो. कोणाला सांगितलं नाही. पहाटेच्या टमटम बायका घेऊन गेल्या होत्या, मला मिळाली ती सातनंतर. बदलापूरला पोचलो तेव्हा आठ वाजायला आले होते आणि पलीकडच्या दोन वाड्यांतल्या बायका स्टेशनाबाहेर ओळीने बसलेल्या होत्या, पाट्यांवर पळसाची पानं, पानांवर करवंदं.

मी म्हटलं, "उठा. सभा नऊला हाय."

"अकराला हाय, आजा. काल तू एवढं बोललास, वेळ नाय बोललास."

"बदलली."

"कवा?"

"काल दुपारी."

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी, माझ्याच वयाची, म्हणाली, "मग काल काय केलंस रं? नारळ वाटलेस?" कोणी हसलं नाही. दुसरी म्हणाली, "ही पाटी कोणाच्या तोंडात घालू? अर्धी तरी जाऊ दे." मी हात जोडले. ते मी कंपनीत कोणाला जोडले नव्हते. मग त्या आवरायला लागल्या. पाट्या कोणावर सोडायच्या, कोणी थांबायचं, ह्यात वेळ चालला. मी म्हटलं, तुम्ही या मागून, मी पुढे जाऊन दार धरतो, आणि रिक्षाने निघालो.

समाजमंदिरात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. आत मोठं गाव पुरं बसलं होतं, आमच्या दोन वाड्या एका भिंतीला. सून पुढे कागद घेऊन उभी. हजेरीची वही टेबलावर होती. मी आत गेलो नाही. साडेनऊला एक माणूस दार लावायला आला तेव्हा मी उंबऱ्यावर बसलो, एक पाय आत, एक बाहेर.

"ओ बाबा, आत या नाहीतर बाहेर जा."

"आमच्या बायका येतायत."

"वेळ झाली."

"मग लाव दार."

त्याने दार माझ्या पाठीला टेकवलं, पण लावलं नाही. ग्रामसेवक उठून आला, नियम वाचला. मी ऐकून घेतला. मोठ्या गावातला एक जण म्हणाला, "म्हातारा नाटक करतोय." मी तसाच बसलो. किती वेळ ते मी बघितलं नाही. रस्त्यावर टमटम दिसते का ते बघत होतो. शेवटी दोघांनी मला काखेत धरून उचललं आणि बाहेर पायरीवर ठेवलं. नीट ठेवलं, ढकललं नाही. मग आतून कडी लागली.

बायका आल्या तेव्हा पावणेदहा झाले असतील. एकवीस जणी. घामाने डबडबलेल्या. मी म्हटलं, दार लागलं. त्यांनी कडी वाजवली, नावं सांगितली, मग बंद केलं. खिडकीतून मोजणीचे आकडे ऐकू येत होते, घर, घर, झाड, घर. ठराव चौतीस मतांनी पडला. पलीकडच्या दोन वाड्यांत मतं त्याच्या दुपटीहून जास्त आहेत.

आणि माझं स्वतःचंही मत राहिलं. उंबऱ्यावर बसलेल्याची हजेरी लागत नाही, असं ग्रामसेवकाने खिडकीतून सांगितलं. माझ्या एकाने काही झालं नसतं, पण चार महिने मी सगळ्यांना सांगत होतो, झाडावर शिक्का मारा, आणि माझाच मारायचा राहिला.

सभा सुटायच्या आत बायका निघाल्या. त्यांच्या पाट्या बदलापूरला उन्हात होत्या, आणि करवंद उन्हात टिकत नाही. मी त्यांच्याबरोबर टमटममध्ये बसलो. स्टेशनाबाहेर त्या म्हातारीच्या पाटीमागे जागा केली, आणि लोकांना हाका मारून करवंदं विकली.